कुटा

पाजपंढरीच्या पुळणीवर आम्ही सहाजणी निवडायला बसतो.
जाळ्यातून ओतलेला एक ढीग, त्याचे चार करायचे:
सोलट वेगळी, करंदी वेगळी,
मांदेली टोपलीत,
उरेल तो कुटा.
कुटा म्हणजे जे कुणी खात नाही,
जे टेम्पोत फावड्यानं भरतात.

भार्गवी माझ्या पाठीमागे, बर्फाच्या पेटीच्या सावलीत.
दीड वर्षाची झाली तेव्हा तिच्याजवळ सात शब्द होते.
त्यातला एक माऊ.
माऊ म्हणजे हसीनाबीची मांजर.
मग नारळाची शेंडी माऊ,
दोराचं उसवलेलं टोक माऊ,
बाळ्या तांडेलाची दाढीसुद्धा माऊ.
त्यानं हनुवटी पुढे केली, तिनं कुरवाळली,
आम्ही पोट धरधरून हसलो.
रात्री अंथरुणावर वाटलं,
हसलो कशाला?
मऊ ते माऊ.
बरोबरच तर होतं तिचं.

एका दुपारी पाठीमागे बराच वेळ आवाज नाही.
लेकरू गप्प, म्हणजे तोंडात काहीतरी.
वळून बघते तर
पेटीच्या झाकणात सगळी बुचं, सोड्याच्या बाटल्यांची,
आणि माझ्या उजव्या चपलेवर सगळे शिंपले.
एक बूच घरंगळत ओल्या वाळूत गेलेलं,
फेंगडी चालत गेली, घेऊन आली,
क्षणभर थांबली,
आणि झाकणात टाकलं.
चपलेवर नाही.

कुणी शिकवलं?
मी तर दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसते.

त्याच आठवड्यात सुरू झालं, हे ताय?
हे ताय, हे ताय, हे ताय.
हे घमेलं. हा गळ. ही डोलकाठी.
काल सांगितलेलं आज पक्कं,
आज सांगितलेलं जेवायच्या आत.
मी मोजणं सोडून दिलं.
तो बांगडा, ती सुरमई, ते पापलेट,
हे मला कधी कुणी समजावलं नव्हतं,
सुरमई बाई कशी आणि पापलेट कुणीच कसं नाही,
तरी मी कधी चुकले नाही.
तीही चुकत चुकत तिकडेच चालली आहे.
परवा म्हणाली, बोट आला.
मी म्हटलं, आली.
तिनं स्वतःचं बोट वर धरलं, मग दर्याकडे पाहिलं,
मग पुन्हा बोटाकडे.
एकच शब्द, आणि ढीग दोन.
तिच्या कपाळावर
मी पहिल्यांदा आठी पाहिली.

आज कुट्यात तिला एक मिळालं.
करंगळीएवढं, घोड्याच्या तोंडाचं,
शेपटीची गुंडाळी केलेलं, वाळलेल्या सालीसारखं कडक.
झाकणाशी नेलं. ठेवलं नाही.
चपलेशी नेलं. ठेवलं नाही.
माझ्यासमोर धरलं.
हे ताय?

पंधरा वर्षं मी हे हातानं बाजूला सारते आहे.
नलूमावशीला विचारलं.
कुटा गो, ती मान वर न करता म्हणाली.
नाव असेल ना काहीतरी?
भाव नाही त्याला, नाव कशाला?

मी भार्गवीला सांगितलं, कुटा.
तिनं बाजूच्या ढिगाकडे पाहिलं,
तिथं एक चपटं होतं, एक फुगलेलं काटेरी,
एक निव्वळ डोळ्यांचं,
दोन साप की सापासारखे,
एकमेकांसारखं एकही नाही.
मग मुठीतल्याकडे पाहिलं.
मान हलवली. नाय.

लिलावाची हाळी झाली, टेम्पोवाला फावडं घेऊन आला,
सुवर्णदुर्गामागे ऊन उतरलं,
सगळ्याजणी हात धुवायला उठल्या.
माझ्या बोटांना खवले तसेच.
मूठ मिटलेली,
आणि ती अजून माझ्या ओठांकडे बघते आहे.